गवतवाल्या ॲग्नेसबाई

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे कार्यवाह बाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात मला ओळखतात ते पापड-कुरडयांच्या हिशेबाची वही सांभाळणारी म्हणून. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आपल्यातल्या शिकलेल्या भगिनी दरवर्षी लिहितात आणि चांगले लिहितात. त्यात मी काय भर घालणार? पण बाई ऐकेनात. तेव्हा ज्या एका बाईंची गोष्ट गेले वर्षभर माझ्या घरात चालली आहे, तीच लिहिते. या बाई अमेरिकेतल्या. नाव ॲग्नेस चेस. त्यांनी जन्मभर एकच काम केले. गवत गोळा केले, ते ओळखले आणि त्याची नोंद ठेवली. हसू नका भगिनींनो. मीसुद्धा आधी हसलेच होते.

त्याचे असे झाले. माझी थोरली मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातली रद्दी एकाएकी नाहीशी होऊ लागली. पाहते तो माजघरात वर्तमानपत्रांची चळत, तिच्यावर फळी आणि फळीवर माझा पाटा! उचलून पाहिले तर कागदांच्या घडीघडीत गवत. मुळासकट, लोंबीसकट, काडी लांब असेल तर मधे दुमडून बसवलेले. चार दिवस मला वाटायला पाटा नव्हता, म्हणून मी बरीच बोलले. तेव्हा तिने मला समजावून सांगितले. असे वाळवलेले झाड जाड कागदावर चिकटवायचे आणि खाली चिठ्ठी लावायची. झाडाचे नाव, कुठे मिळाले, कोणत्या तारखेला, जमीन कशी होती, कोणी काढले आणि काढणाराचा अनुक्रमांक. असे कागद जपून ठेवण्याची जी जागा तिला हर्बेरियम म्हणतात. हिशेबाच्या वहीसारखेच की, असे माझ्या मनात आले. नुसती रक्कम लिहून भागत नाही, तारीख आणि नाव पाहिजेच.

आता गवत म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचे कळायचे नाही. आपण ज्याला धान्य म्हणतो ते बहुतेक सारे गवतच. भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, इतकेच काय ऊस आणि बांबूसुद्धा एकाच कुळातले. गणपतीच्या दूर्वा आणि गवती चहा तर उघडच गवत. गवताच्या फुलाला पाकळ्या नसतात, म्हणून आपल्याला ते फूल वाटत नाही. दोन बारीक तुसांच्या आत सारा संसार असतो. भात निसवला म्हणजे लोंबीवर पिवळसर तंतू लोंबताना दिसतात ना, तो त्याचा फुलोरा. वारा येतो, पराग नेतो, दाणा भरतो आणि पुढे ती तुसे आपण सुपाने पाखडून टाकतो. इतकी वर्षे सूप हातात धरले, पण आपण फुलाचेच आवरण उडवतो आहोत हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.

ॲग्नेसबाईंना ते लहानपणीच कळले होते. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झाला. वडील आयर्लंडहून आलेले, रेल्वेवर लोहारकाम करणारे. मुलगी दोन वर्षांची असतानाच ते वारले. आई मुलांना घेऊन शिकागो शहरात आपल्या आईजवळ राहायला गेली. आयरिश लोकांना तेव्हा तिकडे हलके लेखीत, म्हणून कुटुंबाने मिअरा हे आडनाव बदलून मेरिल केले. लहानग्या ॲग्नेसने एकदा गवताची फुले खुडून त्यांचा झुबका आजीला नेऊन दिला. आजी म्हणाली की गवताला फुले येत नसतात. पण हातात तर फुले होती! आजीपेक्षा आपले डोळे खरे, हे त्या पोरीने तेव्हाच मनाशी धरले असावे. शाळा मात्र प्राथमिकच झाली. घरात मिळवते हात हवे होते, म्हणून शाळा सोडून कामाला लागावे लागले.

हे ऐकले तेव्हा मी हातातले निवडायचे ताट बाजूला ठेवले. माझी शाळा सुटली ती पुढचे वर्ग दुसऱ्या गावी होते आणि मधे ओढा होता म्हणून. ओढा काही बारा महिने वाहत नसे. पण तो विषय इथे नको.

अठराव्या वर्षी, १८८८ च्या जानेवारीत, ॲग्नेसबाईंचे लग्न झाले. यजमान विल्यम चेस हे शाळांसाठी निघणाऱ्या एका पत्राचे संपादक होते, वयाने बरेच मोठे. वर्षभरातच ते क्षयाने गेले. एकोणिसाव्या वर्षी वैधव्य, आणि पदरात काय, तर पतीचे कर्ज! बाई एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रिते तपासू लागल्या. उसळीसारखे उकडलेले घेवड्याचे दाणे आणि ओटची लापशी खाऊन दिवस काढले आणि कर्ज फेडले. मधल्या काळात सासरच्या नातलगांच्या किराणा दुकानातही काम केले. तिथे पतीच्या पुतण्याला झाडापेडांचा नाद होता. त्याच्याबरोबर त्या रानोमाळ हिंडू लागल्या. १८९३ साली शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तिथे दोघांनी वनस्पतींचे विभाग पाहिले. त्याच वर्षी त्याच गावी स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले, हे आपणांस ठाऊकच आहे. आपले स्वामीजी आणि या बाई एका गावात वावरल्या, एवढ्यानेही मला त्या थोड्या जवळच्या वाटू लागल्या.

हिंडता हिंडता त्यांची गाठ हिल नावाच्या एका धर्मोपदेशकांशी पडली. त्यांचा अभ्यास मॉसचा, म्हणजे ओल्या दगडांवर उगवते त्या हिरव्या मखमलीचा. बाईंचा हात चित्रकलेत चांगला. त्या हिलसाहेबांसाठी चित्रे काढीत आणि ते त्यांना शास्त्र शिकवीत. फी नाही, प्रमाणपत्रही नाही. पुढे शिकागोच्या फील्ड संग्रहालयाच्या ग्रंथांसाठीही त्यांनी चित्रे काढली. त्यानेही पोट भरेना, तेव्हा १९०१ साली त्या शिकागोच्या कत्तलखान्यांत सरकारतर्फे मांस तपासण्याच्या कामावर लागल्या. आपल्यातल्या माळकरी भगिनींनी नाक मुरडू नये. सूक्ष्मदर्शक यंत्र वापरायला येत होते म्हणून ती नोकरी मिळाली, आणि तिच्यावरच चूल पेटत होती.

१९०३ साली वॉशिंग्टनला सरकारी शेतीखात्यात चित्रकार हवी होती. बाईंनी अर्ज केला आणि ती जागा त्यांना मिळाली. काम वैरणीच्या गवतांची चित्रे काढण्याचे. तिथे गवतांचा जो संग्रह होता त्यात त्या दिवसाचे काम संपल्यावर बसू लागल्या. १९०५ पासून हिचकॉक नावाचे गवतांचे मोठे जाणकार त्यांचे वरिष्ठ झाले. हा माणूस चांगला निघाला. चित्र काढणारी बाई गवत आपल्याइतकेच ओळखते हे त्यांनी पाहिले आणि तिला शास्त्राच्या कामात घेतले. १९१० साली दोघांच्या नावाने उत्तर अमेरिकेतल्या पॅनिकम गवतांवर ग्रंथ निघाला. पॅनिकम म्हणजे आपल्या वरीचे कूळ. उपासाला वरीचे तांदूळ शिजवताना मला आता त्याची आठवण येते. १९२९ साली पास्पॅलमवरचा ग्रंथ तर एकट्या बाईंचा. कोकणातल्या भगिनींना हरीक माहीत असेल, ते पास्पॅलमच.

त्यांचे जे पुस्तक मला सर्वांत आवडले (म्हणजे मुलीने मराठीत सांगितले तेवढे) ते १९२२ सालचे गवतांचे पहिले पुस्तक. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशांसाठी ते लिहिले आहे. सोप्या गवतापासून सुरुवात, मग एकेक पायरी अवघड. जी बाई स्वतः शाळेबाहेर शिकली तिलाच असे लिहायचे सुचणार. पंडिताला माणूस कुठे अडतो हे आठवत नाही.

आता मला एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहू की नको असे दोनदा झाले. १९११ साली पनामा देशात वनस्पतींची पाहणी व्हायची होती. ॲग्नेसबाईंनाही बरोबर न्यावे असे हिचकॉकसाहेबांचे म्हणणे होते. पण वरून नकार आला. कारण एवढेच की त्या बाई होत्या. अशा रानात बाई कशी न्यायची? हे मुलगी मला वाचून दाखवीत होती आणि मी गप्प झाले. कारण आदल्याच आठवड्यात तिच्या वर्गाची सह्याद्रीत दहा दिवसांची सहल ठरली होती, गवते गोळा करायला, आणि मी तिला जायचे नाही म्हणून सांगितले होते. घरच्या मंडळींनी नव्हे हो, मी. घाट, पाऊस, जळवा, राहायची कुठली तरी शाळा, आणि परत येताना चार माणसांची तोंडे. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तर गवत उपटायला कॉलेज कशाला लागते, असे हसत हसत विचारले होते, आणि मीही त्यांच्याबरोबर हसले होते. मुलीने पनामाचा मजकूर मुद्दाम वाचला की सहज, ते तिने अजून सांगितलेले नाही. मी दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी तिच्या थैलीत मिठाची पुरचुंडी बांधून दिली, जळवांसाठी.

ॲग्नेसबाईंना मिठाची पुरचुंडी बांधून देणारे कोणी नव्हते. खात्याने पैसे दिले नाहीत तेव्हा त्या पुष्कळदा स्वखर्चाने हिंडल्या. १९१३ साली पोर्टो रिको बेटावर गेल्या. दक्षिणेच्या देशांत ठिकठिकाणी मिशनरी बायका होत्या, त्यांना पत्रे लिहायच्या आणि त्यांच्याकडे उतरायचे, अशी युक्ती त्यांनी काढली. ही युक्ती पुरुषाला सुचली नसती. १९२४-२५ साली आणि पुन्हा १९२९-३० साली त्या ब्राझिलात गेल्या. तेव्हा वय पंचावन्न, साठ. अंगाने अगदी लहानखुऱ्या, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. कधी रेल्वेने, कधी खेचरावर, पुष्कळदा पायी. इतातियाया नावाच्या डोंगराचे कडे त्या एका ब्राझीलच्या मैत्रिणीबरोबर चढल्या, कारण वरचे गवत खाली मिळत नाही. सत्तरी ओलांडल्यावर १९४० साली व्हेनेझुएला! जन्मभरात त्यांनी स्वतः काढलेले नमुने १२,००० हून अधिक भरतात. एकेक नमुना म्हणजे मुळे धुणे, कागदात घालणे, ओले कागद काढून कोरडे घालणे, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पावसाळ्यात वाळवणे म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.

तुरुंगाचेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत तेव्हा बायकांना देशभर मताचा हक्क नव्हता. त्यासाठी ज्या बायका अध्यक्षांच्या वाड्यासमोर फलक घेऊन उभ्या राहत, त्यांत या होत्या. अध्यक्ष विल्सन जगाला स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगत, आणि या बायका त्यांच्या भाषणांचे कागद रस्त्यात होळी करून जाळीत. १९१८-१९ च्या त्या दिवसांत बाईंना अटक झाली. तुरुंगात त्यांनी अन्नत्याग केला तेव्हा बळजबरीने त्यांच्या पोटात अन्न घातले गेले. सरकारी नोकर असून असे वागता म्हणून नोकरीवरही गदा यायची वेळ आली होती. सुटल्यावर पुन्हा गवत. १९२० साली तो हक्क मिळाला. दारूबंदीच्याही त्या कट्टर बाजूच्या होत्या, आणि काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीतही होत्या. एका हाती भिंग आणि दुसऱ्या हाती फलक, हे कसे जमले असेल? मला सकाळचा डबा आणि मंडळाची सभा एका दिवशी जमत नाही.

हिचकॉकसाहेबांचा गवतांचा मोठा ग्रंथ १९३५ साली निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते बोटीच्या प्रवासात वारले. मग त्यांची जागा बाईंकडे आली. त्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती त्यांनीच तयार केली. ती १९५१ साली बाहेर पडली.

मी मुलीला एकदा विचारले की इतके वाळके गवत कपाटात साठवून करायचे काय? तिने मला एका घळीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कोलोरॅडो नदीने जमीन कापून ग्रँड कॅन्यन नावाची घळ केली आहे, सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहून खोल. १९३८ साली एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोन बायका नावाड्यांच्या सोबतीने होडीतून त्या घळीत उतरल्या, काठाच्या वनस्पती गोळा करायला. त्रेचाळीस दिवस त्या नदीवर होत्या. बायकांचे हे काम नव्हे असे तिकडेही पुष्कळांनी म्हटले. होडी खडकांतून गदगदत चाललेली आणि यांचे वर्तमानपत्राच्या कागदांत गवत आणि झुडपे दाबून ठेवणे चाललेले. १९४४ साली त्यांनी सगळ्याची यादी छापली. पुढे १९६३ साली त्या घळीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. पूर येईनासे झाले आणि काठ बदलला. पूर ज्यांना दरसाल धुऊन नेई ती झाडे तिथे ठाण मांडून बसली. आता धरणाआधी त्या काठी कोणते गवत होते हे कोणाला विचारायचे? नदी सांगत नाही. त्या दोघींच्या कागदांवर मात्र ते आहे, जागेसह, तारखेसह. अमेरिकेतले रानगवत ओळखायचे म्हणजे त्या काळी हिचकॉकसाहेबांचा आणि बाईंचा ग्रंथच उघडायचा, म्हणून घळीची ही गोष्ट मी इथे आणली. आपल्या गावच्या नदीवर धरण झाले तेव्हा काठचा वाळा गेला असे माझ्या सासूबाई सांगत. कुठे होता म्हणून विचारले तर हाताने धरणाच्या पाण्याकडे दाखवीत.

१९३९ साली ॲग्नेसबाई सेवानिवृत्त झाल्या. म्हणजे पगार थांबला. काम पुढे चोवीस वर्षे तसेच चालू, बिनपगारी, त्याच संग्रहात, त्याच टेबलाशी. आपली पुस्तके आणि आपला संग्रहही त्यांनी स्मिथसोनियन संस्थेला देऊन टाकला. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या घराचे नाव स्पॅनिश भाषेत समाधानाचे घर असे होते. दक्षिणेकडच्या देशांतून गवत शिकायला येणाऱ्या मुलामुलींना त्या तिथे ठेवून घेत. व्हेनेझुएलाच्या अशाच एका बाईंनी पुढे १९६० साली त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे स्पॅनिश भाषांतर केले. नवशिक्या माणसाने दूरवरून टपालाने गवताची जुडी पाठवली तरी ओळखून नाव कळवायच्या. माझ्या मते बाईंचे सर्वांत मोठे काम हेच. ग्रंथ काय, कपाटात राहतात.

१९५८ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, इलिनॉय विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्मान्य पदवी दिली. त्यांना मिळालेली ही एवढी एकच पदवी. १९६१ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांना आपले फेलो करून घेतले. तोवर त्यांचे एक काम उरले होते. जगातल्या साऱ्या गवतांची नावे, ती प्रथम कुठे छापली, याची कार्डे, सुमारे ८०,०००. कॉर्नेलिया नाइल्स या सहकारी बाईंबरोबर त्यांनी ती पुरी केली आणि १९६२ साली तीन खंडांत ती छापून निघाली. दुसऱ्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६३ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ॲग्नेसबाई वारल्या. गवताच्या दोन-तीन वंशांना त्यांच्या नावावरून नावे दिली आहेत. त्यांतला एक दक्षिण अमेरिकेतला, आगनेसिया नावाचा, त्या गेल्यावर तीस वर्षांनी ठरला.

मुलगी सहलीहून परत आली ती चाळीस नमुने घेऊन. पायाला जळवांचे डाग होतेच. पाटा पुन्हा आठ दिवस गेला. रात्री तिने मला आपल्या मोबाइलवर वॉशिंग्टनच्या संग्रहातल्या एका कागदाचे चित्र दाखवले. पिवळट पडलेला कागद, त्यावर मधे दुमडलेले ब्राझीलचे गवत, आणि खालच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर चेस हे नाव आणि अनुक्रमांक. शंभर वर्षांची ती लोंबी, पण तुसे अजून जागच्या जागी होती. मी चष्मा लावून मोजली.